तीन गोळ्या, तीन तक्ते आणि न जुळणारा हिशेब

निवासी डॉक्टरांनी आणलेल्या तीन तक्त्यांत बेरीज-वजाबाकीची चूक एकही नव्हती. तिन्ही मधुमेहाच्या गोळ्यांच्या तुलनेचे. पहिल्या तक्त्यात ग्लिमेपिराइड ग्लिप्टिनपेक्षा सरस. दुसऱ्यात ग्लिप्टिन ग्लिफ्लोझिनपेक्षा सरस. तिसऱ्यात ग्लिफ्लोझिन ग्लिमेपिराइडपेक्षा सरस. फिरून फिरून भोपळे चौकात. त्यांच्या गाईड मॅडमनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारला होता, "मग समोर बसलेल्या पेशंटला मी लिहून काय देऊ?" आणि आकडेवारीचा हिशेब तपासायला डॉक्टरांना माझ्याकडे धाडलं होतं.

प्रकरण सोलापुरातल्या एका ट्रस्ट रुग्णालयाच्या मेडिसिन विभागाचं, एमडीच्या प्रबंधाचं. विषय साधा दिसणारा. टाइप २ मधुमेहात नुसत्या मेटफॉर्मिननं भागेनासं झालं की दुसरी गोळी जोडावी लागते. ती ग्लिमेपिराइड असावी, ग्लिप्टिन गटातली असावी की ग्लिफ्लोझिन गटातली? वर्षभरानं तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीएवनसी, कुणाची किती उतरली आणि साखर एकदम खाली जाण्याचे प्रसंग कुणाला किती आले, एवढंच बघायचं. नवं औषध कुणाला द्यायचं नाही, जुने केसपेपर उघडायचे. प्रबंध अजून विद्यापीठाकडे जायचा आहे, म्हणून रुग्णालयाचे आकडे इथे देत नाही. हिशेब समजावायला जिथे आकडे लागतील तिथे ‘समजा’ म्हणून घेतले आहेत.

कुठली गोळी कुणाच्या वाट्याला

ओपीडीत कुणी छापा-काटा करून औषध लिहीत नाही. सगळ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे, आणि मला या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवावासा वाटला.

ग्लिमेपिराइड स्वस्त. मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत मिळते आणि खेड्यातल्या मेडिकलमध्येही हमखास सापडते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. तिला महाग गोळी लिहून दिली तर ती पंधरा दिवसांची घेते आणि महिनाभर पुरवते. हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून ती गोळी बहुधा लिहिलीच जात नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या जेवणाच्या वेळेचा पत्ता नसतो, आणि ग्लिमेपिराइड घेऊन जेवण चुकलं की साखर खाली जाते. त्यामुळे परवडत असेल तर डॉक्टर त्याला ग्लिप्टिन देतात. वयस्कर, एकटे राहणारे, किडनी थोडी मंदावलेले पेशंटही ग्लिप्टिनकडे वळतात. ग्लिफ्लोझिन मिळतं ते वजनदार, हृदयाचा त्रास असलेल्या किंवा त्याची धास्ती असलेल्या माणसाला. ज्याला लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो त्याला ते टाळतात. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, ४५ च्या खाली गेला असेल तर साखर उतरवण्यासाठी त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते औषध साखर किडनीतूनच बाहेर टाकतं.

त्यात वर्षांचा घोळ. भारतात व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या डिसेंबरात संपलं, डापाग्लिफ्लोझिनच्या जेनेरिक गोळ्या २०२० च्या अखेरीस आल्या, सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ च्या जुलैत संपलं. प्रत्येक वेळी भाव कोसळले आणि चिठ्ठ्या बदलल्या. २०१९ साली ग्लिफ्लोझिन घेणारा माणूस आणि २०२३ साली घेणारा माणूस एका वर्गातले नाहीत, पहिला बहुधा खिशानं बराच भक्कम होता. डॉक्टरांच्या पहिल्या फायलीत वय, लिंग, वजन, रक्तदाब, क्रिएटिनिन असं सगळं होतं, पण औषध सुरू झाल्याचं साल नव्हतं. ते मी पहिल्याच बैठकीत मागून घेतलं. पाठोपाठ व्यवसाय आणि गावही मागितलं. इथे सोलापूर शहरातलेच पेशंट येत नाहीत, तुळजापूर-नळदुर्गाकडून येतात, सीमेपलीकडून इंडीचे येतात. लांबच्या माणसाला वारंवार बोलावता येत नाही, आणि त्याची चिठ्ठी त्या हिशेबानंच लिहिली जाते.

तेव्हा तिन्ही गटांच्या सरासऱ्या नुसत्या शेजारी मांडल्या तर फरक औषधाचा दिसतो की माणसाचा, हे कळायला मार्ग नाही. प्रोपेन्सिटी स्कोअर त्यासाठीच आहे. पॉल रोझेनबॉम आणि डोनाल्ड रुबिन यांनी १९८३ साली तो मांडला. औषध देण्यापूर्वी माणसाबद्दल जे जे माहीत होतं त्यावरून त्याला ते औषध मिळण्याची शक्यता काढायची. ती शक्यता सारखी असलेले दोघे, एकानं औषध घेतलेला आणि दुसऱ्यानं न घेतलेला, समोरासमोर ठेवायचे. ठेवलेल्या जोड्यांत नोंदवलेल्या बाबी सरासरीनं सारख्या होतात. नोंदवलेल्याच, हे लक्षात ठेवायचं. केसपेपरवर जे नाही ते स्कोअरला दिसत नाही.

फाईल आधी दुरुस्त

जुळवाजुळवीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट खटकली. पेशंटचा गट ठरवला होता तो त्याच्या सर्वांत अलीकडच्या केसपेपरवरून. म्हणजे ज्याला ग्लिमेपिराइडवर दोनदा चक्कर येऊन घाम फुटला आणि मग ग्लिप्टिन दिलं गेलं, तो ‘ग्लिप्टिन गटात’. त्याचे दोन्ही प्रसंग ग्लिप्टिनच्या नावावर पडणार, आणि ग्लिमेपिराइडच्या गटात उरणार फक्त ज्यांना ती सोसली ते. असं गाळून उरलेलं औषध कुणाच्याही तक्त्यात सोज्वळच दिसतं.

म्हणून शून्य दिवस ठरवला. मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाला ज्या दिवशी पहिल्यांदा दुसरी गोळी लिहिली गेली, तो दिवस. त्या दिवशी जी लिहिली तो त्याचा गट, पुढे बदलली तरी गट तोच. स्कोअरसाठीची सगळी माहिती त्या दिवसाची किंवा आधीची, नंतरची एकही नाही. आधीच ग्लिमेपिराइड चालू असताना तिसरी गोळी म्हणून ग्लिफ्लोझिन जोडलेले पेशंट बाहेर, कारण त्यांचा मधुमेह पुढच्या टप्प्यावरचा. एकाच दिवशी तीन औषधांची एकत्र गोळी सुरू झालेलेही बाहेर.

"सर, निम्मी फाईल जाईल," डॉक्टर म्हणाले.

"जाऊ दे. उरेल ती तरी एका प्रश्नाची असेल."

निम्मी गेली नाही, पण चांगलीच बारीक झाली. रेकॉर्ड रूममधल्या मावशींनी मात्र मनापासून मदत केली. "गठ्ठे वर्षावार लावलेत की ओ, साल सांगा फक्त" असं म्हणून त्यांनी जुन्या नोंदी काढून दिल्या नसत्या तर शून्य दिवस कागदावरच राहिला असता.

आणखी एक अट मी घातली. जुळवणी पूर्ण होईपर्यंत माझ्याकडच्या फायलीत निकालाचे दोन्ही रकाने नकोत, वर्षानंतरची एचबीएवनसीही नको आणि साखर खाली गेल्याच्या नोंदीही नकोत. रुबिन यांचा हा आग्रह जुना आहे. अभ्यासाची आखणी निकाल न बघता करा, म्हणजे आवडता निकाल लागेपर्यंत मॉडेल फिरवत बसण्याचा मोह उरत नाही.

वर्तुळ कसं तयार झालं

डॉक्टरांनी केलं होतं ते बहुतेक जण करतात. संगणकावर सहज मिळणारी जुळवणीची साधनं दोन गटांसाठी बनवलेली असतात. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणाऱ्यांचं नेहमीचं मॅचइट हे पॅकेजही मुळात दोन गटांचंच. मग तीन गट असले की तीन वेळा चालवायचं: ग्लिमेपिराइड विरुद्ध ग्लिप्टिन, ग्लिप्टिन विरुद्ध ग्लिफ्लोझिन, ग्लिफ्लोझिन विरुद्ध ग्लिमेपिराइड. तिन्ही वेळा जोड्या नीट जमल्या, तक्ते सुबक आले.

चूक दिसत नाही ती इथे. प्रत्येक फेरीत जोडी न मिळालेले पेशंट गळतात, आणि कोण गळणार हे समोरचा गट ठरवतो. ग्लिप्टिनवाल्यांना ग्लिमेपिराइडवाल्यांशी जुळवलं तेव्हा जी ग्लिप्टिनवाली माणसं उरली, तीच ग्लिफ्लोझिनशी जुळवताना उरली नाहीत. दोन्ही तक्त्यांत ‘ग्लिप्टिन’ असं एकच नाव छापलेलं असतं, पण आत माणसं वेगवेगळी.

हे बोलून पटत नाही, म्हणून डॉक्टरांना एका कागदावर मांडून दाखवलं. समजा पेशंट दोनच तऱ्हेचे आहेत, एक किडनी ठणठणीत असलेले, दुसरे किडनी थोडी मंदावलेले. समजा ग्लिमेपिराइड दोघांतही एचबीएवनसी १.० नं उतरवतं, ग्लिप्टिन दोघांतही ०.७ नं. ग्लिफ्लोझिन मात्र ठणठणीत किडनीत १.२ आणि मंदावलेल्या किडनीत ०.४.

पहिला तक्ता, ग्लिमेपिराइड विरुद्ध ग्लिप्टिन. माणसं कुठलीही असोत, १.० विरुद्ध ०.७. ग्लिमेपिराइड पुढे.

दुसरा, ग्लिप्टिन विरुद्ध ग्लिफ्लोझिन. ग्लिप्टिनवाल्यांत मंदावलेल्या किडनीचे जास्त, म्हणून त्यांना जोड शोधताना ग्लिफ्लोझिनवाल्यांतलेही तसेच निवडले गेले. समजा जुळलेल्या दहांत नऊ मंदावलेले आणि एक ठणठणीत. ग्लिफ्लोझिनची सरासरी आली ०.४८, ग्लिप्टिनची ०.७. ग्लिप्टिन पुढे.

तिसरा, ग्लिफ्लोझिन विरुद्ध ग्लिमेपिराइड. इथे दोन्हीकडचे तरुण, ठणठणीत किडनीचे जुळले. समजा सगळेच तसे. १.२ विरुद्ध १.०. ग्लिफ्लोझिन पुढे.

वर्तुळ पुरं झालं आणि एकही आकडा खोटा नाही. तीन तक्त्यांनी तीन वेगळ्या लोकांबद्दलच्या तीन वेगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली होती. ती एका साखळीत ओवायला गेलो म्हणून घोटाळा दिसला.

आता तिन्ही औषधं एकाच घोळक्यावर तोलून बघा. निम्मे ठणठणीत, निम्मे मंदावलेले असा घोळका घेतला तर ग्लिमेपिराइड १.०, ग्लिफ्लोझिन ०.८, ग्लिप्टिन ०.७. दहांत आठ ठणठणीत घेतले तर ग्लिफ्लोझिन १.०४ वर जातं आणि पहिला नंबर पटकावतं. घोळका बदलला की क्रम बदलतो. पण घोळका एकच ठेवला तर वर्तुळ कधीच तयार होत नाही. मॅडमच्या ‘काय लिहून देऊ’ला ‘कुणाला’ हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही, हे डॉक्टरांना त्या कागदावर पटलं. जुळवणीच्या पद्धतीवर पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. पण तीन गटांच्या अभ्यासात आधी ठरवायचं ते हे, की तुलना कोणत्या माणसांबद्दल आहे. पद्धत नंतर.

एका माणसाचे तीन स्कोअर

आम्ही ठरवलं की तुलना अशा माणसांबद्दल असेल, ज्यांना तिन्हींपैकी कुठलीही गोळी खरोखर दिली जाऊ शकली असती. ज्याच्या बाबतीत डॉक्टरचं पेन क्षणभर थांबतं, तो पेशंट.

त्यासाठी तीन फेऱ्यांऐवजी एकच मल्टिनॉमियल लॉजिस्टिक मॉडेल, म्हणजे तिन्ही पर्यायांच्या शक्यता एकदम काढणारं गणित. त्यातून प्रत्येकाला तीन शक्यता मिळतात, तिघींची बेरीज १. दोनांहून अधिक उपचारांसाठी स्कोअरचा असा विस्तार ग्विडो इम्बेन्स यांनी २००० साली मांडला. पुढे २०२१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अर्थात एकट्या या कामासाठी नाही.

तीनपैकी एकाच शक्यतेवर जुळवून भागत नाही, हेही सांगावं लागलं. समजा दोघांची ग्लिमेपिराइड मिळण्याची शक्यता ०.३ आहे. पण पहिल्याची ग्लिप्टिनची ०.६ आणि ग्लिफ्लोझिनची ०.१, दुसऱ्याची नेमकी उलट. ग्लिमेपिराइडच्या रकान्यात दोघे जुळे भाऊ, एरवी एकमेकांची ओळखही नाही. दोन रकाने जुळले तर बेरीज १ असल्यानं तिसरा आपोआप जुळतो. म्हणजे प्रत्येक पेशंट कागदावरच्या एका बिंदूवर बसतो आणि तीन गटांतून तीन बिंदू असे निवडायचे की त्यांचा त्रिकोण लहानात लहान होईल. त्रिकोणाची परिमिती मोजून त्रिकूट जुळवण्याची ही रीत जेरेमी रासेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडली. आरमध्ये ट्रायमॅच नावाचं पॅकेजही त्रिकुटं जुळवतं.

पण त्याआधी सामायिक पट्टा, म्हणजे तिन्ही गटांतल्या शक्यता जिथे एकमेकींवर पडतात तो भाग, काढावा लागतो. मायकल लोपेझ आणि रोई गुटमन यांच्या २०१७ च्या लेखातली कृती सोपी आहे. प्रत्येक शक्यतेसाठी तिन्ही गटांतली किमान मूल्यं बघा, त्यांतलं सर्वांत मोठं ही खालची हद्द. तिन्ही कमाल मूल्यांतलं सर्वांत लहान ही वरची हद्द. जो पेशंट तिन्ही शक्यतांत हद्दीच्या आत तो राहतो, बाकीचे बाजूला. मग उरलेल्यांवर मॉडेल पुन्हा बसवायचं.

बाजूला कोण गेलं, ही यादी मी डॉक्टरांना नावानिशी वाचायला लावली. ईजीएफआर ४५ च्या खालचे जवळजवळ सगळे गेले, त्यांना ग्लिफ्लोझिन मिळण्याची शक्यता शून्याला टेकलेली. सुरुवातीच्या वर्षांतले विडी कामगारही बरेच गेले, तेव्हाच्या भावात त्यांच्यासाठी महाग गोळी नव्हतीच. तिसरा जथा हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा, ज्यांना ग्लिफ्लोझिनशिवाय दुसरं काही लिहिणं डॉक्टरांना गैरच वाटलं असतं. डॉक्टर हळहळले. माझ्या मते ही यादीच प्रबंधातलं सर्वांत प्रामाणिक पान आहे. या लोकांसाठी तिहेरी निवड कधी नव्हतीच, आणि जी निवड नव्हती तिची तुलना गणितानं जन्माला घालता येत नाही.

उरलेल्यांत ग्लिफ्लोझिनचा गट सर्वांत लहान, तेव्हा त्रिकुटांची संख्या त्याहून वाढणार नव्हती. कॅलिपर, म्हणजे किती अंतरापर्यंत जुळलं म्हणायचं, याचा दोन गटांसाठी पीटर ऑस्टिन यांनी २०११ मध्ये सुचवलेला आकडा आहे: स्कोअरच्या लॉजिटच्या (स्कोअरचं लॉगॅरिदममधलं रूप) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे पसाऱ्याच्या मापाच्या, ०.२ पट. आम्ही सुरुवातीला तोच घेतला. शिवाय ईजीएफआरचा टप्पा आणि भाव पडण्याआधीचा की नंतरचा काळ, या दोन बाबी स्कोअरवर न सोडता तंतोतंत जुळवल्या. गॅरी किंग आणि रिचर्ड नील्सन यांचा २०१९ चा लेख स्कोअरवरच्या जुळवणीच्या विरोधातच आहे. स्कोअर जवळ आला म्हणून माणसं जवळ येतातच असं नाही, आणि छाटत गेलं तर तोल सुधारण्याऐवजी बिघडू शकतो, असं त्यांचं म्हणणं. परीक्षक ते काढणार हे गृहीत धरलेलं बरं. ज्या दोन बाबींनी निकाल फिरू शकतो त्या तरी हातानं बांधून ठेवल्या.

तोल तपासताना पी-व्हॅल्यूचा, म्हणजे दिसणारा फरक निव्वळ योगायोगानं येण्याच्या शक्यतेचा, रकाना मी खोडायला लावला. जुळवणीत माणसं गळतात, संख्या घटते, आणि संख्या घटली की पी-व्हॅल्यू आपसूक वाढते. माणसं सारखी झाली म्हणून वाढली की कमी झाली म्हणून, ते कळत नाही. त्याऐवजी प्रमाणित फरक, म्हणजे एसएमडी (दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक भागिले पसाऱ्याचं माप), तिन्ही जोड्यांत काढायचा आणि त्यातला सर्वांत वाईट दाखवायचा. ०.१ च्या आत तर ठीक. तिन्हींची सरासरी दाखवणं ही पळवाट आहे, दोन चांगल्या जोड्यांच्या आड तिसरी लपते. पहिल्या फेरीत व्यवसायाच्या रकान्यात यंत्रमाग कामगारांचा फरक हद्दीबाहेर होता. मॉडेलमध्ये वय आणि व्यवसाय यांचा एकत्रित परिणाम घातल्यावर तो आत आला. तोपर्यंतही निकालाचे रकाने बंदच होते.

वजनांचा दुसरा मार्ग

त्रिकुटं मॅडमना आवडली, कारण वॉर्डात समजावता येतात. मला स्वतःला अशा कामात वजनं जास्त आवडतात. माणूस फेकायचा नाही, त्याला कमी-जास्त महत्त्व द्यायचं.

साधी रीत अशी, की ज्याला जे औषध मिळालं ते मिळण्याच्या शक्यतेचा व्यस्त, म्हणजे १ भागिले शक्यता, हे त्याचं वजन. शक्यता ०.१ असताना ग्लिफ्लोझिन मिळालेल्या माणसाचं वजन १०. शक्यता ०.०१ असेल तर १००, म्हणजे एकाच मतदारानं शंभर मतं टाकावीत तसं. तीन गट असले की अशा लहान शक्यता हमखास निघतात आणि सगळा निकाल चार-दोन विचित्र पेशंटच्या हातात जातो.

यावर ओव्हरलॅप वजनं हा उतारा आहे. तीन गटांसाठी तो २०१९ साली एका लेखात आला. गंमत म्हणजे त्या लेखाच्या दोन्ही लेखकांचं नाव फॅन ली, माणसं मात्र वेगळी. रीत अशी: स्वतःच्या औषधाच्या शक्यतेचा व्यस्त भागिले तिन्ही शक्यतांच्या व्यस्तांची बेरीज. समजा शक्यता ०.७, ०.२ आणि ०.१ आहेत. व्यस्त झाले सुमारे १.४३, ५ आणि १०, बेरीज १६.४३. या माणसाला तिसरं औषध मिळालं असेल तर वजन ०.६१, पहिलं मिळालं असेल तर ०.०९. वजन १ च्या वर जाऊच शकत नाही, आणि ज्याची निवड जवळपास ठरलेलीच होती तो आपोआप हलका होतो. सर्वांत जास्त बोलतात ते तिन्हींच्या मधोमध असलेले लोक. आम्हाला हवा होता तोच घोळका. पीएसवेट या पॅकेजमध्ये हे तयार मिळतं.

प्रबंधात त्रिकुटांचा निकाल मुख्य ठेवला आणि वजनांचा पडताळ्यासाठी. दोन्हींत क्रम एकच आला, वर्तुळ कुठेच नाही. आकड्यांत थोडा फरक पडला, तो पडणारच, दोन्हींतले घोळके अगदी एक नसतात.

बाहेरचा पडताळा आणि उपासाचा प्रश्न

आपल्या तक्त्याला बाहेरचा एखादा आधार असावा म्हणून ग्रेड या अमेरिकी चाचणीकडे बघितलं. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. मेटफॉर्मिनवर असलेल्या ५,०४७ लोकांत चार औषधं चिठ्ठ्या टाकून वाटलेली. त्यांत ग्लिमेपिराइड आहे, सिटाग्लिप्टिन आहे. ग्लिफ्लोझिन नाही, कारण चाचणीच्या आखणीच्या वेळी त्या गटाला तिथे मान्यता नव्हती. सरासरी पाच वर्षांच्या पाठपुराव्यात साखर गंभीरपणे खाली गेलेल्यांचं प्रमाण ग्लिमेपिराइडवर २.२ टक्के, सिटाग्लिप्टिनवर ०.७ टक्के. साखर आटोक्यात ठेवण्यात सिटाग्लिप्टिन चौघांत मागे.

यातून दोन गोष्टी मिळाल्या. ग्लिमेपिराइड आणि ग्लिप्टिन यांच्यातल्या फरकाची दिशा आमच्याकडे उलटी आली असती तर आधी स्वतःच्या फायलीवर संशय घ्यायला हवा होता. ती उलटी आली नाही. दुसरी जास्त कामाची. पाच वर्षांत शंभरात दोन इतका दुर्मीळ प्रसंग एका रुग्णालयाच्या एका वर्षाच्या पाठपुराव्यात मोजायला निघणं म्हणजे हात हलवत परत येणं. म्हणून गंभीर प्रसंगांऐवजी ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली गेल्याची कोणतीही नोंद हा निकाल धरला. तो कच्चा आहे, कारण नोंद त्याचीच होते ज्याच्या घरी मीटर आहे. मीटर आहे की नाही हा रकानाही मग मॉडेलमध्ये गेला.

उरला उपास. केसपेपरवर तो कुठेच नाही. आषाढीच्या आधी पंढरपूरला पायी निघणारे, दर एकादशी पाळणारे, श्रावणातले सोमवार करणारे, रमजानचे रोजे ठेवणारे असे पेशंट या ओपीडीत रोज दिसतात. अनुभवी डॉक्टर तोंडी विचारतो आणि उपासवाल्याला शक्यतो ग्लिमेपिराइड देत नाही. म्हणजे उपास औषधाची निवडही ठरवतो आणि साखर खाली जाणंही ठरवतो, आणि आमच्या मॉडेलला त्याचा गंधही नाही.

यावर गणिती उपाय आहेत. टायलर व्हॅंडरवील आणि पेंग डिंग यांची २०१७ ची ई-व्हॅल्यू आहे. समजा जोखमीचं गुणोत्तर २ निघालं, तर ई-व्हॅल्यू येते सुमारे ३.४१. न नोंदवलेल्या बाबीचा औषधाच्या निवडीशी आणि निकालाशी असलेला संबंध प्रत्येकी किमान इतक्या पटीचा असेल तरच ती एकटी हा सगळा फरक घडवू शकते. तो आकडा प्रबंधात घातला. पण मला त्याआधी साधा विचार पुरेसा वाटला, की हा दोष कुठल्या बाजूला ओढतो. उपासवाले ग्लिमेपिराइडच्या गटातून आधीच वगळले जात असतील तर त्या गटात साखर खाली जायची शक्यता असलेले लोक कमी. तरीही तिथे प्रसंग जास्त दिसले, म्हणजे खरा फरक दिसतो त्याहून मोठा असेल, लहान नव्हे. एचबीएवनसीच्या बाबतीत मात्र दिशा इतकी स्वच्छ नाही, आणि तिथे तसं लिहून टाकलं.

वर्षानंतरची तपासणी न केलेल्यांचा प्रश्न जुळवणीनं सुटत नाही. तो वेगळा हाताळला आणि त्याचा तपशील इथे लांबवत नाही.

प्रबंधाच्या शेवटच्या मसुद्यात आता तीनऐवजी दोन मुख्य तक्ते आहेत. पहिला तिन्ही गोळ्यांचा, सामायिक पट्ट्यातल्या पेशंटचा. त्याच्या मथळ्यातच ईजीएफआर ४५ आणि त्यावरचे, हार्ट फेल्युअर नसलेले असं लिहिलंय. दुसरा ईजीएफआर ४५ खालच्यांचा, ज्यात फक्त ग्लिमेपिराइड आणि ग्लिप्टिन यांची दुहेरी जुळवणी आहे, आणि त्याखाली मॅडमनी स्वतः एक ओळ घातली, की या तक्त्यातला ग्लिप्टिनचा आकडा पहिल्या तक्त्यातल्या ग्लिप्टिनच्या आकड्याशी ताडून बघू नये. विभागाच्या नव्या केसपेपरवर ‘उपास / रोजा: कधी, किती’ असा रकाना छापून आलाय. तो भरला जातो की नाही, हे पुढच्या बॅचच्या डॉक्टरांकडून कळेल.